रिसेट मारण्याआधी

भोपाळच्या उत्तर अंगाला करोंद आहे आणि करोंदला पंडित लक्ष्मीनारायण शर्मा कृषी उपज मंडी आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम ही देशव्यापी बाजारव्यवस्था सुरू झाली, तेव्हा आठ राज्यांतल्या पहिल्या २१ बाजारांत मध्य प्रदेशातून करोंदची मंडी होती. गव्हाच्या हंगामात इथे ट्रॉलीमागे ट्रॉली लागते आणि प्रत्येक ट्रॉलीबरोबर पर्च्यांची एक साखळी पुढे सरकते. फाटकावर प्रवेश पर्ची, बोली तुटली की अनुबंध पर्ची, काट्यावर तौल पर्ची आणि शेवटी भुगतान पत्रक. आपल्या बाजार समितीतल्या काटापट्टीची आणि हिशोबपट्टीची ही सख्खी भावंडं. या पर्च्यांना कायद्याचं बळ आहे. मध्य प्रदेशच्या १९७२ च्या मंडी कायद्यानुसार शेतकऱ्याचे पैसे खरेदीच्या दिवशीच चुकते करायचे असतात. उशीर झाला तर पाच दिवसांपर्यंत रोज एक टक्का जादा द्यावा लागतो आणि तेवढ्यातही पैसे दिले नाहीत तर व्यापाऱ्याचा परवाना रद्द झाला असं धरलं जातं. माल कोणत्या दिवशी आणि कोणत्या भावाने विकला गेला ही नोंद म्हणूनच शेतकऱ्याच्या हातातला पुरावा असते. राज्याच्या ई-मंडी योजनेत ही नोंद वहीतून उठून संगणकात आणि हातात मावणाऱ्या यंत्रात गेली आहे.

असं यंत्र अडकलं की बाजारात, रेशन दुकानात, एसटीत, सगळीकडे एकच सल्ला मिळतो: रिसेट मार. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. समोर रांग असते, माणसं चिडलेली असतात आणि रिसेटने यंत्र खरोखर पुष्कळदा सुरू होतं. पण यंत्र सुरू होणं आणि काम वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र कंपनीचं किंवा समितीचं असतं, त्यातली अजून वर न गेलेली नोंद मात्र दुसऱ्याच कुणाची तरी असते. यंत्र बंद करून चालू करणं ही चालवणाऱ्याची रोजची बाब आहे. त्यातलं साठवलेलं पुसणं हा मात्र दुसऱ्याच्या दप्तराला हात घालण्याचा प्रकार आहे, आणि दप्तराला हात घालताना जी शिस्त पाळतात तीच इथे पाळली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आज ती पाळली जात नाही, याचं मोठं कारण भाषेत आहे. रिसेट या एकाच शब्दात तीन अगदी वेगळी कामं कोंबली गेली आहेत.

पहिलं काम म्हणजे यंत्र नुसतं पुन्हा सुरू करणं. यात चालू कार्यक्रम मिटतात, अर्धवट भरलेली पर्ची जाते, पण साठवलेलं राहतं. दुसरं म्हणजे बटण काही सेकंद दाबून धरून किंवा बारीक छिद्रात टाचणी घालून केलेली सक्तीची सुरुवात. त्या क्षणी यंत्र काही लिहीत असेल तर ती फाइल अर्धी राहू शकते. तिसरं म्हणजे यंत्र कारखान्यातून आलं तसं कोरं करणं. जुन्या यंत्रांत दुसऱ्या आणि तिसऱ्या कामातली रेघ फार पुसट होती. विंडोज सीई आणि पॉकेट पीसीवर चालणाऱ्या यंत्रांत माहिती विजेवर तगणाऱ्या मेमरीत असे. बॅटरी पूर्ण उतरली किंवा कोल्ड बूट केलं की कार्यक्रम आणि नोंदी दोन्ही जात, आणि कायमस्वरूपी साठवणुकीच्या भागात वेगळं ठेवलं असेल तेवढंच उरे. २००५ मध्ये आलेल्या विंडोज मोबाइल ५ पासून ही माहिती बॅटरी उतरली तरी टिकू लागली. आजची बहुतेक यंत्रं अँड्रॉइडवर चालतात. त्यांत साधी सुरुवात निर्धोक आहे, पण फॅक्टरी रिसेट पूर्वीपेक्षा कठोर झाला आहे. साठवण कूटबद्ध असते आणि रिसेटबरोबर तिची किल्लीच नष्ट होते. मग निष्णात माणसालाही त्यातून अक्षर काढता येत नाही. शिवाय अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, काही प्रकारच्या रिसेटनंतर यंत्र आधीचं खातं मागतं. ते खातं नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर असेल तर धडधाकट यंत्र नुसतं पडून राहतं. काही कंपन्या कामाचा कप्पा शाबूत ठेवून बाकीचं पुसणारा वेगळा रिसेट देतात. तो आपल्या यंत्रात आहे का, हे रांग लागण्याच्या आधी ठाऊक असायला हवं.

बरं, ज्यासाठी रिसेट मारला जातो तो बिघाड तरी खरा असतो का? अनेकदा नसतो. यंत्रातल्या घड्याळाचं उदाहरण घ्या. बॅटरी पूर्ण उतरून बराच काळ पडलेलं यंत्र सुरू केलं की त्याची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असू शकते. सर्व्हरशी बोलताना यंत्र आधी समोरच्याचं प्रमाणपत्र तपासतं आणि त्या प्रमाणपत्राला सुरुवातीची व शेवटची तारीख असते. यंत्राच्या लेखी अजून जुनंच साल चालू असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला अवैध वाटतं आणि जोडणी नाकारली जाते. पडद्यावर नेटवर्कची चूक दिसते, चालवणारा सिम काढून पुसतो, मग ॲप काढून पुन्हा टाकतो आणि शेवटी सगळं पुसून मोकळा होतो. तारीख दुरुस्त केली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. हीच गोष्ट जगभर मोठ्या प्रमाणावर घडली. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवडे झाले की मोजणी शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ती शून्यावर आली, तेव्हा वेळेवर अद्ययावत न केलेली काही जुनी यंत्रं जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवू लागली. दुसरं उदाहरण उन्हाचं. लिथियम-आयन बॅटरी साधारण शून्य ते चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या दरम्यानच भरून घ्यायची असते आणि शहाणं यंत्र त्यापलीकडे चार्जिंग आपणहून थांबवतं. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या चार्जिंगच्या पाळण्यात यंत्र बसवलं आणि दिवा लागला नाही, तर चार्जर बिघडलेला नसतो, यंत्र स्वतःला सांभाळत असतं. त्याला सावलीत, वाऱ्याला ठेवावं लागतं. फ्रीजमध्ये मात्र ठेवायचं नाही, आत दव धरतं.

यावर पहिला आक्षेप असा, की ही यंत्रं दणकटच केलेली असतात, मग एवढी जपणूक कशाला? आक्षेपाला आधार आहे, पण तो आधार नीट वाचला पाहिजे. यंत्रावर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्यातला ६ धुळीसाठी आणि ७ पाण्यासाठी. पाण्याची चाचणी साध्या पाण्यात एक मीटर खोलीवर अर्धा तास घेतात आणि धुळीच्या चाचणीत बंद पेटीत टाल्कची बारीक भुकटी उडवतात. करोंदच्या फाटकावरची धूळ टाल्कची नसते. तिच्यात माती असते, कुसळं असतात आणि गव्हाचा कोंडा असतो, तोही घामेजल्या हाताला चिकटून येणारा. मिल-एसटीडी-८१० ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची पद्धतही असाच भरवसा देते. १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडणं, म्हणजे सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे. खाली बहुधा काँक्रीटवर प्लायवुड असतं आणि हे २६ आपटे पाचपर्यंत वेगवेगळ्या नगांत वाटून द्यायची मुभा असते. म्हणजे एकाच नगाने सगळे सोसले असतील असं नाही. हे सगळं नव्या नगाचं झालं. बॅटरीच्या झाकणाखालचं रबर तीन उन्हाळे काढल्यावर कडक होतं आणि चार्जिंगच्या तोंडावरचं बूच बहुधा सगळ्यांत आधी तुटतं. ते तुटलं की आयपी ६७ चा शिक्का पाठीवर राहतो, आतला गुण गेलेला असतो.

देखभालीचं काम खरं तर थोडं आणि कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते राहून जातं. बॅटरी काढून झाकणाच्या खाचेतून नख फिरवलं तर दिवसभराचा कोंडा बारीक वळीसारखा निघतो. ती वळी तशीच राहिली तर झाकण केसभर उघडं राहतं आणि पहिल्या वळवाचं पाणी तिथून आत शिरतं. रबराची ही खाच कोरड्या मऊ ब्रशने साफ करावी. तोंडाने फुंकू नये, वाफ आत जाते. ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरतात त्या कॉम्प्रेसरचा झोत तर मुळीच मारू नये, तो धूळ रबरापलीकडे ढकलतो. चार्जिंगचे पितळी ठिपके काळे पडले तर यंत्र बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलकेच भिजवलेल्या कापडाने पुसावेत. द्रव यंत्रावर थेट फवारायचा नसतो आणि काच पुसायचं अमोनियाचं पाणी प्लॅस्टिकला मानवत नाही. पाठ फुगलेली दिसली, झाकण बसेनासं झालं, तर बॅटरी दाबून बसवण्याचा मोह टाळलाच पाहिजे. ती तिथेच कामातून बाद करायची, टोचायची नाही, चार्जला लावायची नाही. महिनोन्महिने वापर नसेल तर बॅटरी अर्धी भरून थंड जागी ठेवावी. पूर्ण भरून उन्हात ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि बॅटरी बदलताना आधी यंत्र रीतसर बंद करावं, कारण लिहिता लिहिता ओढलेली बॅटरी म्हणजे अर्धी राहिलेली फाइल. दिवसाकाठी पाच मिनिटांचं हे काम कुणाच्या तरी नावावर नेमून दिलेलं असेल तरच होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता सगळं ऑनलाइन आहे, यंत्रात काही उरतच नाही, मग पुसलं तर बिघडलं काय? रेशनच्या ई-पॉस यंत्राबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे, कारण तिथे आधारची पडताळणी सर्व्हरकडून झाल्यावरच धान्य दिलं जातं. पण तिथेही यंत्र कोरं केल्यावर नुसतं ॲप टाकून भागत नाही. बोटाचा ठसा घेणारं उपकरण आधार प्राधिकरणाच्या व्यवस्थेत नोंदलेलं असावं लागतं, त्याच्या किल्ल्या असतात आणि त्या पुन्हा मिळेपर्यंत दुकान बंद. अंत्योदय कुटुंबाचे महिन्याचे ३५ किलो त्या दिवशी थांबतात आणि मजुरी बुडवून आलेल्या बाईला पुन्हा यावं लागतं. मंडीत मामला आणखी नाजूक. नेटवर्क नसेल तर नोंद आधी यंत्रात साठवायची आणि मग वर धाडायची, अशी सोय असलेल्या कुठल्याही व्यवस्थेत, दुपारी चार वाजता मोबाइलचा मनोरा गळाठला की साठलेल्या पर्च्या यंत्रातच असतात. पडद्यावर सेव्ह झालं एवढं दिसतं. ते यंत्रात झालं की सर्व्हरवर, हे दिसत नाही. या यंत्रांकडून एकच सुधारणा मागायची असेल तर मी हीच मागेन: न गेलेल्या नोंदींचा आकडा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ठळक दिसावा आणि तो शून्य झाल्याखेरीज पुसण्याची आज्ञा चालवणाऱ्याला देताच येऊ नये. यंत्रांचं दूरस्थ व्यवस्थापन करणारी सॉफ्टवेअरं रिसेटवर कुलूप लावू शकतात. ते लावायला पैसा थोडा लागतो, निर्णय लागतो.

गर्दीच्या वेळी एवढं बघायला सवड कुठून आणायची, असं फाटकावरचा माणूस म्हणेल आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. त्याला दोष देऊन उपयोग नाही. ज्याच्या हाती एकच यंत्र आहे आणि पुढे साठ ट्रॉल्या आहेत, तो पुसणारच. म्हणून उत्तर त्याच्या संयमावर सोपवून चालणार नाही. प्रत्येक फाटकावर तयार करून, चार्ज करून, तारीख पाहून ठेवलेलं एक जादा यंत्र हवं. अडकलेलं यंत्र तसंच बाजूला ठेवायचं, त्यावर वेळ आणि शेवटची पर्ची कुठली ते लिहायचं आणि रांग नव्या यंत्रावर चालवायची. बिघाडाचा विचार संध्याकाळी, शांतपणे, ज्याला अधिकार दिला आहे त्याने करावा. जादा यंत्राचा खर्च मोठा वाटतो, पण एका दुपारच्या हरवलेल्या अनुबंध पर्च्यांवरून उठणारे तंटे मिटवण्याचा खर्च कुणी मांडत नाही.

जोडीला कागदही हवा, असं म्हटलं की लगेच शंका येते: कागद परत आणला तर खाडाखोड, मागची तारीख, सगळं परत येईल. शंका खरी आहे. यंत्रं आली ती याच गोष्टी थांबवायला. पण कोऱ्या वहीत आणि क्रमांक छापलेल्या, हिशोबात धरलेल्या पुस्तकात फार अंतर असतं. महाराष्ट्रात एसटीच्या वाहकाच्या हाती तिकिटाचं यंत्र आल्यावरही ते बंद पडण्याच्या वेळेसाठी छापील तिकिटं ठेवली जातात, आणि प्रत्येक तिकिटाला क्रमांक असल्यामुळे ती वे-बिलाच्या हिशोबात उतरतात. मंडीतही क्रमांकित पर्चीपुस्तक तसंच चालू शकतं. उलट आज ज्याला आपण पक्का कागद समजतो तो कच्चा आहे. यंत्रातून निघणारी पर्ची थर्मल कागदावरची असते. शाई नसतेच, उष्णतेने कागदावरचा लेपच काळा होतो. ही पर्ची ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवली तर काळवंडते आणि घामाने भिजलेल्या खिशात राहिली तर अक्षरं उडतात. यंत्रातली नोंद पुसली गेली आणि खिशातली पर्ची फिकटली, की भावाच्या वादात शेतकऱ्याकडे शब्दाखेरीज काही उरत नाही. पर्ची हातात पडताच मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवायला सांगणारा एक फलक काट्याजवळ लावणं अवघड नाही.

एक वेळ मात्र अशी येते की पुसणं हेच कर्तव्य ठरतं. विंडोज एम्बेडेड हँडहेल्डच्या ६.५ आवृत्तीला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि त्या पिढीची यंत्रं कित्येक कार्यालयांत कपाटात पडून राहिली. त्यांत माणसांची नावं असतात, फोन क्रमांक असतात, कुठे बँकेचे खाते क्रमांकही असतात. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार अशी यंत्रं नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच गेली पाहिजेत, आणि बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच वेगळे नियम आहेत. भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलेलं यंत्र दोन्ही नियम मोडतं आणि वर कुणाचं तरी खातं उघडं टाकतं. म्हणून बाद करण्याच्या दिवशी आधी न गेलेल्या नोंदी वर गेल्याची खात्री करायची, मग जोडलेलं खातं काढायचं, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर घ्यायचं, कार्ड असेल तर तेही वेगळं पुसायचं, कारण यंत्राचा रिसेट कार्डाला अनेकदा हातही लावत नाही. त्यानंतर यंत्र कोरं करायचं, पुन्हा चालू करून ते पहिल्या दिवसासारखी भाषा विचारतं का ते पाहायचं, आणि त्याचा अनुक्रमांक, तारीख व पुसणाऱ्याची सही नोंदवहीत घ्यायची. फुगलेली बॅटरी यंत्राबरोबर द्यायची नाही. तिची टोकं चिकटपट्टीने झाकून, धातूला लागणार नाही अशी ती वेगळी ठेवायची.