अंगावर काढलेली वर्षं

या श्रावणात काकूला जाऊन वीस वर्षं झाली. जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या घरी तिच्या नावाचं पान वाढलं आणि हात धुवेस्तोवर नातेवाइकांच्या ग्रुपवर निरोप: ‘मुलींना ती लस देऊ नका, वांझ होतात.’ पाठवणारा तिचाच भाचा. खाली सात जणांचे जोडलेले हात.

विषाणूंनीही कॅन्सर होतो हे कसं उमगलं, म्हणजे कोंबड्यांच्या गाठीत १९११ साली राउसला काय सापडलं, १९६४ सालचा एपस्टाइन-बार, कावीळ-बीचा यकृताशी संबंध, हे पुस्तकात वाचावं. मला २००५ नंतरची वर्षं खुपतात.

पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर काकूच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागलं. जुन्या पातळाचे तुकडे धुऊन ती गच्चीत चादरीच्या आड वाळत घालायची. वर्षभर. विचारलं की म्हणायची, ‘उष्णता आहे रे.’ पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हे नाव घरात कुणी काढलं नाही. त्याच्या मुळाशी असलेला पॅपिलोमा विषाणू हाराल्ड त्सुर हाउझेन यांना १९८३ सालीच सापडला होता. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं, त्या विषाणूवरची लसही भारतात आली. आम्ही किंमत विचारून परतलो.

काकूचं माहेर बार्शीचं. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायकांवर अभ्यास चालला होता. २००९ साली निष्कर्ष आला: या विषाणूची तपासणी एकदाच केली, तरी मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात. आमच्या जबलपूरच्या बायकांपर्यंत यातलं काही आलं नाही.

पुढच्याच वर्षी खम्मम आणि वडोदऱ्यातली लसमोहीम थांबली. सात मुली दगावल्या होत्या. लसीशी त्याचा संबंध चौकशीत दिसला नाही. पण आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांनी सह्या केल्या होत्या. त्या सह्या घेणाऱ्यांना मी माफ करत नाही, आणि तेवढं निमित्त पुरलं म्हणून विषयच गुंडाळणाऱ्यांनाही नाही. त्याच धक्क्यात लसीच्या दोन-तीन डोसांची एक चाचणीही अडली, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्यात बार्शीच्याही होत्या. दहा वर्षांनी दिसलं, तेवढ्यानेही संरक्षण टिकलंय! मधल्या काळात माझी मुलगी बारा वर्षांची झाली होती. डॉक्टर म्हणाले, ‘लग्न ठरलं की बघू.’ आम्हीही मान डोलावली.

पुण्यात सीरमची स्वस्त लस तयार व्हायला २०२२ उजाडलं.

भाच्याला मी लिहिलं, ‘काकू कशाने गेली, ठाऊक आहे?’

लगेच उत्तर आलं, ‘उष्णतेने ना?’