पीएचडीत प्रबंधापलीकडे शिकलेलं नोकरीच्या वेळी दाखवायचं कसं?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या लोणी काळभोरमध्ये, राज कपूर यांच्या जुन्या राजबागेत, आज एमआयटी एडीटी विद्यापीठ आहे. जवळूनच मुळा-मुठा वाहते. समजा, इथली एखादी विद्यार्थिनी या नदीच्या पाण्यावर पीएचडी करते आहे. काही वर्षांनी प्रबंध हाती येईल, पण प्राध्यापकाची जागा मिळेलच असं नाही. मग दुसऱ्या क्षेत्रातल्या मुलाखतीत ती काय सांगणार?

इथे कामाला येतात ‘ट्रान्सफरेबल स्किल्स’. म्हणजे एका कामात शिकलेली आणि दुसऱ्या कामातही वापरता येणारी कौशल्यं.

नदीचंच बघा. ठरलेल्या तारखांना नमुने घ्यायचे म्हणजे वेळापत्रक आणि खर्चाचा हिशोब आला. पुरामुळे एक फेरी हुकली की सगळी आखणी बदलायची. काठावरच्या शेतकऱ्याची परवानगी काढायची आणि पाण्याचे आकडे त्याला कळतील असे सांगायचे (हे परिषदेत पेपर वाचण्यापेक्षा अवघड!). नोंदींमधल्या चुका शोधायच्या त्या वेगळ्याच. ही कामं कंपनीत, सरकारी खात्यात, स्वयंसेवी संस्थेत, सगळीकडे लागतात.

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी करणाऱ्यांना, विषय कोणताही असो, अध्यापन-लेखनाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. शिवाय ट्युटोरियल, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापनासाठी आठवड्याला ४ ते ६ तासांचं काम त्यांना देता येतं. अनेकांना हे तास म्हणजे ओझं वाटतं. पण एकच अवघड गोष्ट तीन वेगवेगळ्या पद्धतींनी समजावून सांगायचा असा सराव दुसरीकडे क्वचितच मिळतो.

ब्रिटनमध्ये ‘व्हिटे’ या संस्थेनं २०१० मध्ये संशोधकांच्या विकासाचा आराखडाच मांडला. त्यात तब्बल ६३ मुद्दे होते! सगळे गिरवत बसू नका, वर्षाला दोन निवडले तरी पुरे.

खरी गडबड बायोडेटात होते. ‘उत्तम संवादकौशल्य’ असं तर सगळेच लिहितात, त्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्यांची प्रात्यक्षिकं घेतली, त्यांच्यासाठी मराठीत सूचनापत्रक तयार केलं’ असं लिहा. वाचणाऱ्याला काम दिसतं.

असे तपशील चौथ्या वर्षी आठवत नाहीत. म्हणून दर महिनाअखेरीस दहा मिनिटं काढून वहीत टिपा: काय केलं, कोणासाठी केलं, त्यातून काय बदललं. मुलाखतीआधी ती वही संशोधनाशी संबंध नसलेल्या एखाद्या मित्राला वाचायला द्या. त्याला जी ओळ कळणार नाही, ती पुन्हा लिहा.