हिमस्खलनात सोबत्याची सुटका: शोध, प्रोब आणि फावडे

गुलमर्गच्या गोंडोल्याचा दुसरा टप्पा कोंगडोरीहून निघतो आणि तुम्हाला अफरवत पर्वतावर सुमारे 3,980 मीटर उंचीवर सोडतो. तिथल्या उताराचा काही भाग स्की-गस्त पथकाच्या देखरेखीखाली असतो. त्याच्या हद्दीबाहेर मात्र धोकादायक बर्फ आधीच पाडून टाकण्याची सोय नाही. 2023 च्या फेब्रुवारीत अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारीतच, गुलमर्गमध्ये एका रशियन स्कीपटूचा असाच मृत्यू झाला. आखलेल्या मार्गाबाहेर स्कीइंग करू इच्छिणाऱ्याने कोणत्या गोष्टी शिकाव्यात आणि त्यांतली कोणती सहसा कच्ची राहते, ते या टिपणात पाहू.

स्कीपटूंचा जीव घेणारे बहुतेक हिमस्खलन 'स्लॅब' प्रकारचे असते. घराच्या स्लॅबसारखाच हा एकसंध, घट्ट थर असतो, फक्त त्याच्या खालचा थर कमकुवत असतो. स्कीपटूच्या वजनाने खालचा थर ढासळतो, भेग पळत जाते आणि वरचा सगळा पाटा घसरतो. म्हणजे बहुतेक वेळा हिमस्खलन सुरू करणारा स्वतः बळी किंवा त्याचाच सोबती असतो. असे उतार प्रामुख्याने 30 ते 45 अंशांचे असतात, आणि नेमके तेच स्कीइंगला सर्वांत मजेचे! मोबाइलमधल्या कोनमापकानेही उताराचा कोन मोजता येतो. ताजी मोठी बर्फवृष्टी, वाऱ्याने एका बाजूला साचवलेला बर्फ, अचानक वाढलेली उष्णता, स्कीखाली 'धप्प' असा आवाज किंवा पुढे पळणारी भेग यांपैकी काही दिसले, तर त्या उतारावर जाऊ नका. चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते निघण्यापूर्वी वाचा. घळीच्या तोंडाशी थांबू नका, कारण तिथे थोडा बर्फही खोल साचतो. धोक्याच्या उतारावरून एकेकानेच उतरा. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवा.

एवढे करूनही कोणी गाडले गेलेच, तर हिशेब मिनिटांचा असतो. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेले सुमारे 90 टक्के वाचतात. अर्ध्या तासावर हे प्रमाण साधारण एक तृतीयांशावर येते. सह्याद्रीत पाय मोडलेला सोबती बचाव पथकाची काही तास वाट पाहू शकतो. इथे पथक कितीही तत्पर असले, तरी खालून वर येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे बचाव पथक म्हणजे शेजारी उभे असलेले तुम्हीच.

प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात: ट्रान्सीव्हर, प्रोब आणि धातूचे फावडे. ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झवर संकेत पाठवतो आणि पकडतोही. तो पाठीवरच्या पिशवीत नव्हे, अंगावर, जॅकेटच्या आत बांधायचा. मोबाइल त्याच्यापासून दूर ठेवा. शोधताना तर किमान अर्धा मीटर. निघण्यापूर्वी प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर पाठवतो आहे ना आणि पकडतो आहे ना, हे दोन्ही तपासा.

स्खलन थांबले की सोबती शेवटचा कुठे दिसला ते ठिकाण लक्षात ठेवा. पुन्हा बर्फ कोसळण्याची शक्यता आहे का ते पाहा. मग सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोध-स्थितीत आणायचे. एकाने जरी तो पाठवण्याच्या स्थितीत विसरला, तरी बाकीचे त्याच्याकडेच धावत सुटतात. सरावात हे हमखास घडते. दोन-तीन जण असाल तर एकाने फोन करावा, एकटे उरला असाल तर आधी शोध. वर पडलेला हातमोजा, काठी यांकडेही लक्ष असू द्या. संकेत मिळाला की बाण दाखवेल तसे जा. वाट सरळ नसून वळणाची असते, कारण तुम्ही चुंबकीय क्षेत्राच्या रेषेवरून चाललेले असता. पडद्यावरचा आकडा कमी होत जायला हवा. दहाच्या आत आला की वेग कमी करा. तीनच्या आसपास यंत्र बर्फाला टेकवून, न फिरवता, आधी एका रेषेत आणि मग तिला आडवे सरकवा. सर्वांत कमी आकडा येईल तिथे प्रोब उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात खुपसा आणि सुमारे 25 सेंटिमीटर अंतराने बाहेर बाहेर वळसा घेत जा. मऊ, किंचित उसळणारे काही लागले की प्रोब तिथेच राहू द्या.

आता कच्ची राहणारी गोष्ट. शिकणारे ट्रान्सीव्हरशी तासन्तास खेळतात, फावड्याला मात्र कोणी हात लावत नाही. पण बहुतेक वेळ खणण्यातच जातो. वाहत आलेला बर्फ थांबताच सिमेंटसारखा घट्ट होतो, आणि सोबती एक मीटर खोल असेल तर एक टनाहून अधिक बर्फ हलवावा लागतो. प्रोबच्या डोक्यावरून सरळ खाली विहीर खणू नका. बर्फ उपसता येत नाही आणि सोबत्याच्या तोंडापुढची थोडीशी हवाही तुमच्या वजनाने दबते. प्रोब जितका खोल गेला, साधारण तितक्याच अंतरावर उताराच्या खालच्या बाजूने सुरुवात करून आडवे आत शिरा. इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे राहा: टोकाचा माणूस बर्फ ठोकळ्यांसारखा कापतो, मागचे तो वल्हवल्यासारखा मागे लोटतात. उचलून फेकायचे नाही. दर मिनिटाला, कोणी दमण्याआधीच, जागा बदला.

चेहरा लागला की तिथेच थांबून तोंड-नाक मोकळे करा, छातीवरचा बर्फ काढा, मग बाकीचे शरीर. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देत सीपीआर सुरू करा; इथला मुख्य शत्रू गुदमरणे आहे. श्वास चालू असेल तर ओले अंग वाऱ्यापासून झाका आणि मणका जपून हलवा.

सरावासाठी ट्रान्सीव्हर असलेली पिशवी नुसती पुरू नका. ती एक मीटर खोल ठेवा, वरचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करा आणि अर्धा तास तसाच राहू द्या. मग घड्याळ लावा: शोधाला लागलेला वेळ वेगळा लिहा, खणण्याला लागलेला वेगळा. पुढच्या सरावात फावड्याची जोडी बदलून दुसरा आकडा पुन्हा मोजा.