बाल न्याय मंडळापुढचा माडिया मुलगा

भामरागडच्या सतरा वर्षांच्या माडिया आदिवासी मुलावर खुनाचा आळ आला, तरी तो आधी जातो बाल न्याय मंडळापुढे. तिथे एक न्यायदंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते. खटला प्रौढासारखा चालवायचा का, हे ठरवण्याआधी २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ नुसार मंडळ त्याची मानसिक क्षमता, समज तपासतं. मानसशास्त्रज्ञाची मदत घेता येते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पण नोंदणीने माडिया भाषा थोडीच बोलता येते! दुभाषा म्हणून पोलीसच बसला, तर मुलगा मान डोलावून मोकळा होईल, यात नवल ते काय? पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की मानसशास्त्रज्ञाची पुढची भेटही लांबते. मुलाला सशस्त्र गटाने ओढलं असेल, तर याच कायद्याचं कलम ८३ भरती करणाऱ्याला धरतं: ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी, शिवाय ५ लाखांचा दंड.