आधी टूलरूम, मग गाडी

माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून कारखाना उभारायचा, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. टिळकांनी तिला बळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. त्या कारखान्याने किती माल विकला यापेक्षा तिथे किती हात तयार झाले, हे मला मोठे वाटते. तळेगावच्या भट्टीपाशी शिकलेली माणसे पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेली. विकसनशील देशात परक्याचे तंत्र येते ते करारातून, यंत्रातून, कधी नुसत्या नकलेतून. ते मुरते मात्र शिकवण्याची आणि दुरुस्तीची सोय असेल तिथेच. महाराष्ट्राच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या उद्योगाकडे पाहताना मला हे पुन्हा पुन्हा दिसते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच घ्या. जे. जे. कलाशाळेत शिकलेला, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारा हा माणूस १८८८ मध्ये बेळगावला सायकलींचे दुकान काढतो, मग कडबा कापायची यंत्रे करतो आणि त्यातून लोखंडी नांगराकडे वळतो. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. तो निघायला काळ जावा लागला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. गिऱ्हाईक शेजारच्या शिवारात असल्यामुळे नांगरात काय बिघडते, हे कारखान्याला लगेच कळत होते. हा जवळिकीचा फायदा कुठल्याही परवान्यात विकत मिळत नाही.

कोल्हापुरात तर सारी सुरुवातच दुरुस्तीची. पंचगंगेचे पाणी उसाला चढवायला ऑइल इंजिने आली, ती बिघडू लागली, आणि इथल्या मेस्त्रींनी ती खोलली. भाग मोजायचे, लाकडी पॅटर्न करायचा, वाळूत साचा भरायचा, बीड ओतायचे, लेथवर घासून बसवायचे. असे करत पूर्ण इंजिन इथेच होऊ लागले. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावे शिवाजी उद्यमनगरात आजही आदराने घेतली जातात. पुढे वीज गावोगाव पोचली, विजेची मोटर आली आणि ऑइल इंजिनाची मागणी आटली. गाव तिथेच बसले असते. पण इंजिन गेले तरी ओतकाम हातात होते. फाउंड्र्या पंपाच्या, मग मोटारींच्या आणि ट्रॅक्टरच्या कास्टिंगकडे वळल्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा वसाहती त्यातून भरल्या.

त्या वळणात किती नवे शिकावे लागले, याची दखल फारशी कोणी घेत नाही. साध्या बिडात ग्राफाइटच्या चकत्या असतात, म्हणून ते ठिसूळ. वितळलेल्या धातूत ठरावीक मॅग्नेशियम घातले की ग्राफाइट गोळीसारखे जमते आणि कास्टिंग ताण सोसते. यालाच फाउंड्रीत एसजी आयर्न म्हणतात. पण मॅग्नेशियमचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. तेवढ्यात साचे ओतून झाले नाहीत तर माल रिजेक्ट. गंधक किती, तापमान किती, लॅडल भट्टीपासून साच्यापर्यंत किती वेळात पोचते, हे सारे सांभाळणारा मेल्टर पुस्तकातून तयार होत नाही. कोकवरच्या क्युपोलातून विजेच्या इंडक्शन भट्टीकडे जाणेही असेच नव्याने शिकणे होते. याला मी संशोधनच म्हणतो, जरी त्याचे पेटंट कोणी घेतले नसले.

मोठ्या उद्योगांत टाटांच्या टेल्कोचा दाखला सर्वांत बोलका. १९५४ मध्ये जर्मनीच्या डायमलर-बेन्झशी करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. पंधरा वर्षांनी, १९६९ मध्ये, करार संपला. बॉनेटवरचा मर्सिडीजचा तारा गेला, तिथे टी आला. ट्रक मात्र थांबला नाही, कारण तयारी आधीपासून चालू होती. १९६६ मध्ये टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांनी पुण्यात पिंपरी-चिंचवडला काम उभे केले, तेव्हा सुरुवात वाहनांनी झाली नाही. आधी मशीन टूल, डाय, जिग-फिक्श्चर, शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले १९७७ मध्ये. अकरा वर्षे पाया भरण्यात घालवणारा व्यवस्थापक आज भागधारकांपुढे टिकेल का, अशी शंका येते. पण त्या अकरा वर्षांचे मोल १९८० च्या दशकात कळले. टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी अशा चार जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलके ट्रक बाजारात आले, आणि त्यांच्यासमोर १९८६ मध्ये टेल्कोने स्वतः आखलेला ४०७ उभा राहून टिकला.

आकुर्डीच्या बजाजची गोष्टही याच वाटेची: इटलीच्या पियाजिओचा स्कूटरचा परवाना १९७१ मध्ये संपला, पुढच्या वर्षी चेतक आली. ज्या इस्रायलकडून आपण सारे ठिबकविद्या शिकलो, तिथलीच नानदान ही कंपनी जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ ते २०१२ दरम्यान टप्प्याटप्प्याने विकत घेतली.

आलेली विद्या जातेही, आणि हे बोलायलाच हवे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पुढच्याच वर्षी पेनिसिलीन बनू लागले. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडले, पिकांसाठी ऑरिओफंजिन निघाले. म्हणजे मदत घेणारा कारखाना काही वर्षांत नवे शोध लावू लागला होता. मग स्वस्त चिनी माल आला, कंपनी आजारी पडली, आणि देशातले पेनिसिलीन-जीचे उत्पादनच बंद झाले. किण्वनाचे तंत्र टाक्यांत साठवून ठेवता येत नाही. बुरशीचा वाण निवडत, सुधारत, रोज चालवत राहावे लागते. २०२० मध्ये केंद्राने प्रोत्साहन योजना आखली, तेव्हा कुठे आंध्रात काकीनाड्याजवळ नवा प्रकल्प उभा राहिला. एकदा शिकलेले पुन्हा शिकायला देशाला किती खर्च आला, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

आज चाकण-रांजणगावला कारखाना येतो तेव्हा बातमीत गुंतवणुकीचा आणि रोजगाराचा आकडा असतो. डाय कुठे बनणार, डिझाइन कुठे होणार, हे विचारलेच जात नाही. आणि विदर्भात कापूस पिकतो, सरकी निघते, गाठी बाहेर जातात. त्यापुढचे कसब तिथे रुजावे म्हणून आपण पुरेसे केलेले नाही, याची मला खंत वाटते. सवलत देऊन शेड उभी राहते. फिटर, पॅटर्नमेकर, डायमेकर सवलतीने उभा राहत नाही.

कोल्हापूरपुढे आता दुसरे वळण आहे. विजेच्या गाडीला इंजिन ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही. ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग राहतील, ट्रॅक्टर आणि पंपही राहतील. पण मोटरचे हाउसिंग ॲल्युमिनियमचे, डायकास्टिंगचे. तिथे साचा वाळूचा नसतो, पोलादाचा असतो, आणि एका डायची किंमत लहान फाउंड्रीला झेपणारी नसते. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. जर्मनीच्या सहकार्याने उभी राहिलेली ही संस्था मुलांना टूल आणि डाय शिकवते आणि कारखान्यांना ती करूनही देते. शिकणे आणि बनवणे एकाच छताखाली असल्यामुळे तिथला मुलगा पहिल्या दिवसापासून खऱ्या मालावर हात चालवतो. कोल्हापूर-इचलकरंजीला, अमरावतीला, नांदेडला तेवढ्याच ताकदीच्या टूलरूम हव्यात, आणि त्या पहिल्या मोठ्या गुंतवणूकदाराची वाट न पाहता आधी हव्यात.