वजन उतरल्यानंतरचें एक दुखणें

जठर लहान करून वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया आतां आपल्या कानांना नवी राहिलेली नाहीं. 2011 सालीं नितीन गडकरी यांनीं ती करून घेतली. 2017 सालीं इजिप्तची इमान अहमद ही अतिशय स्थूल बाई विमानानें मुंबईस आणली गेली व सैफी रुग्णालयांत तिच्यावर ती झाली, तेव्हां तर घरोघर तोच विषय होता. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत काय होऊं शकतें, याविषयीं फारसें बोललें जात नाहीं. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. ही गोष्ट माझ्या घरांत घडली, एवढाच माझा अधिकार.

माझी कन्या शहरांत शिक्षिका आहे. वजन 118 किलो, त्यांत मधुमेह. जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी तेवढी शिल्लक ठेवतात, ती शस्त्रक्रिया तिनें करून घेतली. पांच महिन्यांत 31 किलो वजन उतरलें, साखर आटोक्यांत आली, आणि विश्रांतीसाठीं ती आमच्याकडे वालूरास आली. चार पायऱ्या चढतांना जिला धाप लागे, ती आमच्या जुन्या बारवेच्या वळणदार पायऱ्या उतरून पुन्हां वर येऊं लागली. त्या दिवसांत तिच्याहून मीच अधिक फुशारलों होतों.

एके रात्रीं जेवणानंतर तिच्या उजव्या बरगडीखालीं कळ उठली व ती पाठींत खांद्यापर्यंत गेली. मीं निदान केलें, "पित्त झालें असेल." ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. दोन तासांनीं कळ थांबली आणि माझें निदान खरें ठरल्यासारखें झालें. दुसऱ्या रात्रीं तीच कळ, तोच ओवा. तिसऱ्या दिवशीं डोळे पिवळे दिसले, थंडी वाजून ताप भरला, तेव्हां मात्र आम्ही घाबरलों व सेलूवरून तडक परभणीस निघालों. वाटेंत ती म्हणाली, "अण्णा, सगळे नको म्हणत होते. माझीच हाव झाली." मला उत्तर सुचलें नाहीं.

पित्ताच्या पिशवींत खडे झाले होते. त्यांतील एक घसरून पित्तनलिकेंत अडकला होता. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें तें असें. शरीरांतील चरबी झपाट्यानें वितळूं लागली म्हणजे यकृत पित्तामध्यें कोलेस्टेरॉल अधिक सोडतें. इकडे खाणें थोडें व स्निग्ध पदार्थ त्याहून थोडे, म्हणून पिशवी नेहमीसारखी आकुंचन पावत नाहीं. पित्त तेथेंच सांचतें, दाट होतें आणि त्याचे खडे बनतात. म्हणजे शस्त्रक्रिया बिघडली म्हणून हें झालें नव्हतें. वजन वेगानें उतरलें म्हणून झालें होतें! ही गोष्ट मुलीला कळली तेव्हां तिचें अर्धें दुःख हलकें झालें, असें मला वाटतें. भेटीस येणाऱ्या नातलगांना मात्र ती कळावयास फार दिवस लागले.

याला प्रतिबंध नाहीं असें नव्हे. अमेरिकेंत 1995 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणांत, जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रोग्यांना नुसत्या बिनऔषधी गोळ्या दिल्या त्यांच्यापैकीं शेंकडा 32 जणांना सहा महिन्यांत खडे झाले. अर्सोडीऑक्सीकोलिक आम्ल रोज 600 मिलिग्रॅम घेणारांत हें प्रमाण शेंकडा 2 होतें. (अर्सस म्हणजे लॅटिनमध्यें अस्वल. हें द्रव्य प्रथम अस्वलाच्या पित्तांत सांपडलें, म्हणून हें नांव.) हींच गोळी माझ्या मुलीच्या घरीं जातांनाच्या कागदावर सहा महिन्यांसाठीं लिहिलेली होती. दुसऱ्या महिन्यांत पाकीट संपलें, बरें वाटत होतें, गोळी बंद झाली. "प्रश्न दोनदां वाचा" असें जन्मभर मुलांना बजावणाऱ्या मास्तरानें तो कागद एकदांही वाचला नव्हता.

तोंडावाटे दुर्बिणीची नळी आंतड्याच्या आरंभापर्यंत नेऊन नलिकेंतील खडा काढण्यांत आला. ताप व कावीळ उतरल्यावर पोटाला लहान छिद्रें पाडून पित्ताची पिशवीच काढली. तिच्या जठराची वाट सरळ राहिली होती म्हणून दुर्बीण पोंचली. ज्यांच्या शस्त्रक्रियेंत आंतड्याचा मार्ग वळवून जोडलेला असतो, त्यांच्या बाबतींत हें काम बरेंच कठीण जातें. यासाठीं आपली शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची होती हें रोग्याच्या घरच्यांना तोंडपाठ असावें. रात्रपाळीच्या डॉक्टरला तें प्रथम सांगावें लागतें. दुखतें म्हणून दुकानांतून आयबुप्रोफेनसारखी गोळी आणून देऊं नये. अशा जठराला तिनें व्रण होण्याचा धोका असतो. उलट्या थांबत नसतील तर "थोडें थांबून पाहूं" म्हणूं नये. ब१ जीवनसत्त्व कमी पडून मज्जातंतूंना इजा होते. ताप, पिवळे डोळे, वेगानें चालणारी नाडी, दम लागणें, यांपैकीं कांहींही दिसलें तर ओव्याचा डबा उघडूंच नये.

घरीं परतल्यावर पुन्हां पहिल्यापासून आरंभ झाला: पातळ ताक, मुगाच्या वरणाचें पाणी, तेंही घोट घोट. आठ दिवस ती कोणाशीं बोलली नाहीं. नवव्या दिवशीं सायंकाळीं चपला घालून दारांत उभी राहिली व म्हणाली, "अण्णा, बारवेपर्यंत येतां का? खालीं उतरणार नाहीं, नुसती बसेन." आम्ही गेलों, कांठावर बसलों आणि दिवेलागणीस परत आलों. तो कागद आतां स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला आहे.