दुसऱ्या बाळाचे स्वागत

पहिल्या बाळंतपणाविषयी आपल्याकडे जितके बोलले आणि लिहिले गेले आहे, तितके दुसऱ्याविषयी नाही. पहिलटकरणीभोवती साऱ्या घराचे लक्ष एकवटलेले असते. दुसऱ्या खेपेस मात्र ‘आता तिला सारे ठाऊक आहे’ असे म्हणून माणसे निश्चिंत होतात. ही निश्चिंतता अंशतःच योग्य आहे. दुसरे मूल बहुधा पहिल्यापेक्षा सुलभपणे जन्माला येते. परंतु ज्या घरात ते येते, ते घर पहिल्या वेळेसारखे राहिलेले नसते. तेथे एक मूल अगोदरच असते आणि दोनच मुले असावीत असे ज्यांनी ठरविलेले असते, त्या कुटुंबाच्या साऱ्या अपुऱ्या इच्छा या दुसऱ्या मुलाच्या वाट्याला येतात. राजधानी दिल्ली आणि तिच्या सभोवतालचा प्रदेश यांच्या उदाहरणावरून ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

दुसरी खेप

एकदा ताणले गेलेले गर्भाशयाचे मुख आणि जन्ममार्गाचे स्नायू दुसऱ्या वेळी कमी विरोध करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, गर्भाशयाचे मुख सुमारे पाच सेंटिमीटर उघडल्यापासून ते पूर्ण उघडेपर्यंतचा काळ पहिल्या बाळंतपणात सहसा बारा तासांच्या पलीकडे जात नाही. पुढील बाळंतपणांत तो सहसा दहा तासांच्या आत संपतो. त्यानंतर बाळ प्रत्यक्ष जन्मास येण्यासाठी पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत, तर नंतरच्या वेळी दोन तासांपर्यंत अवधी लागू शकतो. या अर्थात कमाल मर्यादा होत. पुष्कळ स्त्रियांची दुसरी प्रसूती याहून कितीतरी लवकर होते. म्हणूनच दिल्लीसारख्या विस्तीर्ण आणि वाहनांनी गजबजलेल्या नगरात राहणाऱ्या स्त्रीने दुसऱ्या वेळी कळा सुरू होताच निघावे, पहिल्या वेळेचा हिशेब मनात धरून थांबू नये.

दोन गोष्टी दुसऱ्या वेळी अधिक त्रासदायक ठरतात. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावू लागते, तेव्हाच्या कळा पहिल्यापेक्षा तीव्र असतात व बाळाला पाजताना त्या विशेष जाणवतात. ही प्रक्रिया नैसर्गिक असून रक्तस्राव आटोक्यात ठेवण्यास तिची मदतच होते. दुसरी गोष्ट रक्तगटाची. आईचे रक्त आरएच-निगेटिव्ह आणि पहिल्या बाळाचे पॉझिटिव्ह असेल, तर पहिल्या प्रसूतीच्या वेळी आईच्या शरीरात प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात. पहिले बाळ बहुधा सुखरूप राहते, धोका पोहोचतो तो दुसऱ्याला. पहिल्या बाळाच्या जन्मानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी हे इंजेक्शन दिल्यास हा धोका पुष्कळ अंशी टळतो. दुसऱ्या बाळाची काळजी पहिल्याच्या जन्मापासून सुरू होते, ती अशी.

पहिली प्रसूती शस्त्रक्रियेने झाली असेल, तरी दुसरी नैसर्गिक रीतीने होऊ शकते. मात्र ती तातडीने शस्त्रक्रिया करता येईल अशा रुग्णालयातच व्हावी, कारण जुना व्रण उसवण्याची थोडी शक्यता राहते. दोन प्रसूतींतील अंतर फार कमी असल्यास ही शक्यता वाढते. एका बाळाच्या जन्मानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी निदान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्या देशात तिचे महत्त्व अधिकच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळून आले. पहिल्या बाळाने घेतलेले लोह भरून निघण्यापूर्वीच दुसरे बाळ आले, तर त्याची झीज दोघांनाही सोसावी लागते.

घर आणि रुग्णालय

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी, असा रिवाज पुष्कळ घरांत पाळला जातो. याउलट पश्चिम उत्तर प्रदेशात माहेरी बाळंत होणे संकोचाचे मानले जाई आणि पहिले मूलही सासरीच जन्मत असे. स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर तयार करणारे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय १९१६ मध्ये दिल्लीत सुरू झाले; पुढे या प्रदेशातील प्रसूतीचे स्थान हळूहळू घरातून रुग्णालयाकडे वळले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दिल्लीत शंभरांपैकी सुमारे ९२ प्रसूती रुग्णालयांत होत होत्या. कामाधंद्यासाठी दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत दुसऱ्या खेपेस बाळंतीण माहेरी न जाता तिची आई किंवा सासूच गावाहून येते, कारण थोरल्याची शाळा सुरू असते. मग एकाच स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि शेजारणीने आणून दिलेली पंजीरी एकत्र नांदू लागतात.

थोरले भावंड

घरातील थोरल्या मुलाला नवे बाळ म्हणजे आपल्या राज्यात शिरलेला आगंतुक वाटतो. दोन ते चार वर्षांचे मूल अशा वेळी पुन्हा अंथरूण ओले करू लागते, बाटलीने दूध मागते, आईला क्षणभरही सोडीत नाही. हा हट्टीपणा नव्हे. हरवलेली जागा परत मिळविण्याची ती त्याची धडपड असते. त्याला रागे भरल्याने ती वाढते.

केंब्रिज येथील ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधक स्त्रियांनी चाळीस कुटुंबांत दुसरे मूल जन्मण्यापूर्वी व जन्मल्यानंतर निरीक्षणे केली आणि १९८२ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ज्या आया थोरल्या मुलाशी बाळाविषयी एक माणूस म्हणून बोलत, म्हणजे ‘त्याला भूक लागली असेल का?’, ‘ते का बरे रडते?’ असे त्याला विचारीत, त्या घरांतील भावंडांत पुढे अधिक स्नेह आढळला. हा उपाय कोणत्याही घराला परवडण्याजोगा आहे. थोरल्याचा बिछाना वेगळा करावयाचा असेल, तर तो बाळ येण्याच्या काही महिने आधी करावा, म्हणजे बाळामुळे आपल्याला हलविले असे त्याला वाटत नाही. पुष्कळ रुग्णालयांत लहान मुलांना प्रसूतिकक्षात येऊ देत नाहीत. म्हणून आई कोठे व किती दिवस जाणार, हे त्याला आधीच सांगितलेले बरे. आणि या काळात वडिलांनी त्याच्यासाठी राखून ठेवलेला रोजचा एक तास कोणत्याही खेळण्यापेक्षा मोलाचा ठरतो.

मुलगी झाली तर

आतापर्यंत सांगितलेल्या अडचणी समजुतीने दूर होण्याजोग्या आहेत. परंतु एक अडचण अशी आहे, की तिच्यामुळे कित्येक बाळांचा जन्मच होत नाही.

उत्तर भारतात मुलगा झाला की थाळी वाजविण्याची चाल आहे. हरियाणात व दिल्लीच्या परिसरातील गावांत बाळंतीण वाजतगाजत विहिरीवर जाते. या कुआँ-पूजनाचा मानही परंपरेने मुलग्याच्या आईलाच मिळत आला. मराठी वाचकाने यावर हसण्याचे कारण नाही. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हा आपला संकेतही भेद सांगतोच.

कुटुंबे लहान झाली, तसा या भेदाचा सारा भार दुसऱ्या बाळंतपणावर येऊन पडला. पूर्वी मुलग्याची वाट पाहत चार-पाच मुली होत. आता ती वाट दुसऱ्याच वेळी संपते. सुमारे अकरा लाख कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पहिली मुलगी असलेल्या घरांत १९९७ मध्ये दुसऱ्या वेळी १००० मुलग्यांमागे ७५९ मुलीच जन्मल्याचे त्यात आढळले. पहिला मुलगा असलेल्या घरांत मात्र अशी तूट नव्हती. निसर्गतः हे प्रमाण ९५० च्या आसपास असते. यावरून हे उघड होते, की उणीव निसर्गाची नसून निवडीची आहे.

या निवडीच्या साधनाचा इतिहासही दिल्लीशी निगडित आहे. १९७० नंतरच्या दशकात येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गर्भजल-परीक्षेचा अभ्यास हाती घेण्यात आला. जन्मजात व्यंगे वेळीच ओळखावीत हा त्यामागील हेतू होता. परंतु पुष्कळ स्त्रियांना केवळ मूल कोणते हेच जाणून घ्यावयाचे आहे, असे दिसून आले. पुढे सोनोग्राफी आली व ही परीक्षा गल्लोगल्ली पोहोचली. तिला आळा घालणारा पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. देशव्यापी कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे दिल्लीत ८७१ आणि हरियाणात ८३४ मुली होत्या. या दोन्ही ठिकाणी हे आकडे २००१ पेक्षा किंचित सुधारलेले होते. महाराष्ट्रात मात्र त्याच दहा वर्षांत ९१३ वरून ८९४ पर्यंत घसरण झाली.

हरियाणा शासनाने २० ऑगस्ट २००५ पासून जन्मणाऱ्या दुसऱ्या मुलीसाठी पाच वर्षे दरसाल ५००० रुपयांची योजना आखली. केंद्र शासनाच्या मातृवंदना योजनेतही २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये मिळतात. या रकमा कुटुंबाचा निर्णय बदलण्यास पुरेशा नसतील. परंतु शासनाने नेमकी दुसरी मुलगीच का निवडली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अलीकडे हरियाणातील काही गावांत मुलीच्या जन्मानंतरही कुआँ-पूजन होऊ लागले आहे. शेजाऱ्यांच्या देखत होणारा असा मान बाळंतिणीला घरात बळ देतो.

पहिले काही दिवस

बाळाला जन्मानंतर तासाभराच्या आत छातीशी घ्यावे. पहिला पिवळसर चीक वाया घालवू नये, तोच त्याचे रोगांपासून पहिले रक्षण करतो. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही, पाणीदेखील, देऊ नये. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. नाव ठरले नसले तरी नोंद होते व नाव मागाहून घालता येते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनुसार दुसऱ्या बाळंतपणातही पहिल्याइतकीच, म्हणजे २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते.

कायद्याने या दोन मुलांत भेद केलेला नाही. घरानेही तो करू नये. बारशाच्या दिवशी पाळण्याला थोरल्याचा हात लागावा आणि पाळण्यातील बाळ मुलगी असो वा मुलगा, आप्तेष्टांना वाटावयाची मिठाई एकच असावी.